समासातले प्रश्न

चि. सोनूस,


सातवीचा वर्ग तुझ्याकडे आला हे वाचून आनंद झाला. पण मुलांच्या वह्या भरलेल्या, अक्षर सुरेख आणि चार दिवसांनी विचारलं तर एकही हात वर येत नाही, हे तुझं वाक्य मनात घर करून बसलंय. मुलांना बोल लावू नकोस. फळ्यावरचं उतरवताना डोळे आणि हात राबतात, डोक्याला कामच पडत नाही.

म्हणून उतरवून देणं कमी कर. तू बोलत असताना पेनं बाकावर. एक मुद्दा संपला की थांब आणि त्यांना आपापल्या भाषेत दोन ओळी लिहू दे. वाक्य मोडकंतोडकं असलं तरी हरकत नाही. अर्थ चुकला असेल तर मात्र तिथल्या तिथे दुरुस्त कर.

कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात टिपणांची एक पद्धत बसवली. उजवीकडच्या रुंद भागात टिपणं, डावीकडच्या पट्टीत नंतर लिहिलेले प्रश्न, तळाशी थोडक्यात सार. आपल्या वहीला समास आयताच असतो, तो जरा रुंद आखून घ्यायला सांग. समज, उष्णतेचा धडा चाललाय. उजवीकडे मूल लिहील, ‘गरम चहातला स्टीलचा चमचा वरपर्यंत तापतो. कण जागा सोडत नाहीत, शेजारच्या कणाला उष्णता देतात. हे वहन.’ समासात त्याने प्रश्न लिहावा, ‘चमचा लाकडाचा असता तर?’ घरी उजवी बाजू तळहाताने झाकायची आणि नुसत्या समासावरून धडा सांगून बघायचा.

या झाकण्यातच सगळी गोम आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे सरस ठरले, आठवड्याने आठवणारे. ‘बाई, मी दहा वेळा वाचलं होतं’ म्हणून रडणारी मुलगी खोटं बोलत नसते, हे त्यावरून ध्यानात घे.

आता वर्गात बोलण्याबद्दल. आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी, मग सगळ्यांसमोर, ही रीत अमेरिकेतल्या मेरिलँडच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडली. आपल्याकडे घाईत पहिली पायरीच गळते. तेवढं मिनिटभर वर्ग गप्प राहिला तर राहू दे, घाबरू नकोस. जोडीत चुणचुणीत मूलच बोलत सुटतं, तेव्हा पहिली पाळी बुजऱ्याची. आणि वर्गाला सांगताना प्रत्येकाने स्वतःचं नाही, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. मग ऐकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

गैरहजर मुलाला कुणाची वही घरी नेऊ देऊ नकोस. जोडीदाराने समासातले प्रश्न विचारत त्याला धडा सांगावा. सांगणाऱ्याचीही उजळणी होते. तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने, तासाच्या सुरुवातीला घे.

पालक तक्रार घेऊन येतील, वही अर्धी कोरी का म्हणून. वाद घालू नकोस. त्यांच्यासमोरच मुलाला उजवी बाजू झाकायला सांग आणि समासातला कुठलाही एक प्रश्न पालकांनाच विचारू दे.

तुझी,
आत्या