सुईपासून सुरुवात करा
जुन्या एलपींसाठी नवी यंत्रणा घेताना काय करावे, काय टाळावे

माळ्यावरच्या ट्रंकेतून वडिलांच्या एलपी खाली आल्या, तेव्हा मी सगळ्यात आधी नवा ॲम्प्लिफायर आणला. घरभर आवाज घुमला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "खरखर मोठी झाली की रे!" तिचं खरं होतं. तबकडीचा आवाज सुईच्या टोकाशी जन्मतो. तिथे जे निसटलं ते पुढचं कोणतंही महागडं यंत्र परत आणत नाही, आणि तिथे जे बिघडलं ते पुढचं प्रत्येक यंत्र आणखी मोठं करून ऐकवतं. म्हणून पैसा सुईकडून स्पीकरकडे, या क्रमाने खर्च करावा. मी उलट्या वाटेने गेलो. तुम्ही जाऊ नये म्हणून ही यादी.

काय करावे

१. कसोटीची एक तबकडी ठरवा. किशोरी आमोणकरांचा भूप असो की भीमसेन जोशींची अभंगवाणी, तुम्हाला पाठ असलेली हवी. प्रत्येक बदलानंतर तीच बाजू लावा आणि तीन ठिकाणी कान ठेवा: तानपुरा स्थिर आहे का, डग्ग्याचा घुमारा वेळेत विरतो का, आणि 'स', 'श' फाटतात का. आवाज किंचित मोठा असला तरी कानाला तो चांगला वाटतो. म्हणून फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपने दोन्ही वेळची पातळी सारखी करा, मगच तुलना.

२. पहिला खर्च सुईवर करा. हिऱ्याचं टोकही झिजतं. उत्पादक त्याचं आयुष्य साधारण ५०० ते १,००० तास सांगतात. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकली, तर हजार तास चार वर्षांत संपतात. वारशाने आलेल्या यंत्राच्या सुईचे तास कोणीच मोजलेले नसतात, तेव्हा ती बदलाच.

३. सुई घेताना टोकाचा आकार विचारा. साधं टोक गोल असतं, त्याच्या वरचं एलिप्टिकल, म्हणजे लंबगोल. फरक कुठे ऐकू येतो? बाजू संपता संपता. एलपीचे फेरे मिनिटाला ३३⅓च राहतात. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आणि आपल्या ख्यालाची गंमत अशी, की द्रुत बंदिश, तराणा, शेवटची तिहाई हे सगळं नेमकं त्या अडचणीच्या जागी येतं. द्रुतातल्या ताना एकमेकींना चिकटत असतील तर गायकाला बोल लावू नका. लंबगोल टोक खाचेच्या अरुंद वळणात नीट शिरतं आणि ताना सुट्या होतात.

४. कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते तो भाग, निवडताना पुढची पायरी पाहून ठेवा. ऑर्टोफॉनच्या २एम रेडला पुढे ब्लूची सुई बसते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच कार्ट्रिजला वेगवेगळ्या सुया लागतात, अगदी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची सुद्धा. सुई बदलली की आवाज बदलतो, बाकी काही उचकटावं लागत नाही.

५. दाब मोजून ठेवा. बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम दाब लागतो. नेमका आकडा माहितीपत्रकात असतो. त्यासाठीचा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना टोचे देते.

६. गती तपासा, विशेषतः यंत्र अमेरिकेहून आलं असेल तर. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. विजेच्या लयीवर चालणारी जुनी एसी मोटर इथे सहात एक भाग हळू फिरते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाहीत. ३३⅓चे सुमारे २८ फेरे होतात आणि काळी चारमध्ये गाणारा गायक पांढरी चारमध्ये रेंगाळू लागतो. अशा मोटरला ५० हर्ट्झची पुली लागते. ॲडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या डीसी मोटरना ही अडचण नाही. बारीक चढउतार पकडायला मात्र तानपुऱ्यासारखं साधन नाही. तो लाटेसारखा वरखाली होत असेल, तर रबरी पट्टा सैल झाला आहे किंवा तबकडीचं भोक मध्यावर नाही.

७. फोनो प्रीॲम्पची जागा समजून घ्या. तबकडी कापताना खर्ज दाबलेला असतो, नाहीतर खाचा एकमेकींत घुसल्या असत्या, आणि वरचे स्वर उचललेले असतात. १९५४च्या सुमारास ठरलेल्या आरआयएए मापाप्रमाणे फोनो प्रीॲम्प हे उलटं करतो: २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल चढ, २० हजार हर्ट्झला तेवढाच उतार. शिवाय मॅग्नेट कार्ट्रिज पाचेक मिलीव्होल्ट देतं, तर सीडी प्लेअर दोन व्होल्ट, म्हणजे चारशे पट. जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या पेटीतलं सिरॅमिक कार्ट्रिज थेट ऑक्समध्ये चालायचं. नवं मॅग्नेट कार्ट्रिज तसं जोडलं, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा बारीक येईल. यंत्र बिघडलेलं नाही, मधली पायरी राहिली आहे.

८. फुकटातले बदल आधी करा. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. खर्जाची गुरगुर कमी होते. उघड्या फरशीवर सतरंजी अंथरा. टर्नटेबल स्पीकरच्या फळीवरून हलवा, नाहीतर स्पीकरची थरथर सुईत शिरते आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडते. जुन्या मोनो रेकॉर्डला ॲम्पवरचं मोनो बटण दाबा. मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, उभी हालचाल म्हणजे निव्वळ कचरा. बटण दाबताच तो कचरा कटतो आणि खरखर झपाट्याने उतरते.

९. नव्या सुईआधी तबकड्या धुवा. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या पाकिटात बुरशी धरतेच. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश. लेबल कोरडं ठेवून खाचेच्या दिशेने हात फिरवा. वाळल्यावर नव्या आतल्या पाकिटात घालून उभ्या ठेवा.

काय टाळावे

१. सगळं एकदम बदलू नका. सुई, ॲम्प, स्पीकर एकाच शनिवारी आले, तर काय कशाने सुधारलं आणि काय बिघडलं ते कळत नाही. एक बदल, मग पंधरा दिवस ऐकणं.

२. आर्मवर पावली ठेवू नका. सुई घसरते म्हणून नाणं ठेवायची युक्ती घरोघरी होती. त्याने दाब दुपटीवर जातो. सुई घसरत नाही, कारण ती खाच नांगरत जाते.

३. एलपीच्या सुईने ७८ वाजवू नका. लाखेच्या ७८ची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं, स्टिरिओ एलपीला १८च्या आसपास. बारीक सुई तळाशी घरंगळते आणि बालगंधर्वांऐवजी धूळ ऐकवते. लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोलही लावू नका. लाख त्यात विरघळते.

४. वायरींवर पैसे उधळू नका. सतत 'घुंऽऽ' येत असेल, तर आधी टर्नटेबलची बारीक अर्थची तार ॲम्पच्या स्क्रूला घट्ट बसली आहे का ते पाहा. मग भिंतीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

५. चांगल्या यंत्रावर वाईट वाजणाऱ्या रेकॉर्डचा दोष यंत्राला देऊ नका. मूळ मोनो ध्वनिमुद्रणाला मागाहून कृत्रिम स्टिरिओ केलेल्या एलपी बाजारात पुष्कळ आहेत. जुन्या पेटीवर ते जाणवत नव्हतं. आता गायक मधोमध उभाच राहत नाही आणि आवाज पोकळ होतो. तिथेही मोनो बटण दाबून पाहा. पाकीट वाचूनच विकत घ्या.

६. झिजलेल्या खाचेकडून चमत्कार मागू नका. जड सिरॅमिक कार्ट्रिजखाली वर्षानुवर्षं फिरलेली तबकडी भरून येत नाही. क्वचित वेगळ्या आकाराचं टोक भिंतीच्या न झिजलेल्या पट्टीवर टेकतं आणि आवाज अनपेक्षित उजळतो. ते नशीब समजा, हिशोबात धरू नका.

७. जुनी पेटी लगेच भंगारात देऊ नका. पण घरातली एकुलती एक दुर्मीळ एलपीही तिच्यावर लावू नका. स्वस्त, बॅगेसारख्या नव्या प्लेअरनाही हाच नियम: आर्मला वजन बदलायची सोय नसेल, तर तो लाडक्या तबकड्यांसाठी नाही.

८. एकट्याच्या कानावर निकाल देऊ नका. पैसे मोजलेल्या माणसाला फरक ऐकू येतोच. ज्याला काय बदललं ते ठाऊक नाही, अशा कोणाला तरी ऐकवा.

मी शेवटी सुई बदलली. ॲम्पच्या किमतीत तशा सात-आठ आल्या असत्या. आईला काही न सांगता तीच एलपी, तीच बाजू लावली. आलाप सुरू झाला तशी ती हात पुसत दारात आली. थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "यात तानपुरे दोन आहेत होय? इतकी वर्षं मी एकच समजत होते."