नकारात दडलेली कबुली



रस्ता, धरण किंवा कालव्यासाठी जमीन गेली पण मोबदला मिळाला नाही, असे सांगणारे लोक पाड्यांवरच्या बैठकींत आपल्याला भेटतात. "आता इतक्या वर्षांनी पुरावा कुठून आणायचा?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यावर मी एवढेच विचारतो, "सरकारने तुम्हांला लेखी काय कळवले आहे?" कारण पुष्कळदा पुरावा सरकारच्याच कागदात असतो. तो कसा ओळखावा, हे समजण्यासाठी या अंकात एका निकालाचा अभ्यास करू.

हिमाचल प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यात १९६७-६८ साली रस्त्यासाठी एका स्त्रीची सुमारे ३.३४ हेक्टर जमीन घेतली गेली. भूसंपादनाची कार्यवाही नाही, निवाडा नाही, मोबदलाही नाही. ती निरक्षर होती. दाद कुठे मागावी हे तिला ठाऊक नव्हते. त्याच कामासाठी जमीन गेलेले काही जण २००४ साली उच्च न्यायालयात गेले आणि २००७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. हे कळल्यावर २०१० साली तिनेही अर्ज केला.

सरकारचे उत्तर असे होते : जमीन ४२ वर्षे आमच्या ताब्यात आहे, म्हणून प्रतिकूल कब्जाने ती आमची झाली. उच्च न्यायालयाने तिला दिवाणी दावा लावण्यास सांगितले. ती सर्वोच्च न्यायालयात गेली.

सरकारचे ते उत्तर पुन्हा वाचा. प्रतिकूल कब्जा म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन, त्याच्या हक्काविरुद्ध, कायद्याने ठरवलेली वर्षे उघडपणे धरून ठेवणे. म्हणजे असा दावा करणारा आधी हेच मान्य करतो की जमीन मुळात दुसऱ्याची होती आणि ताबा आपण घेतला. वरवर तो नकार होता. आत मात्र कबुली होती.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कल्याणकारी राज्याला आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल कब्जा सांगता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. तिने तोंडी संमती दिली होती, हे म्हणणेही निराधार ठरले. इतरांना मिळाला तसाच मोबदला दिलासा रकमेसह व व्याजासह आठ आठवड्यांत द्यावा, शिवाय खर्चापोटी १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. तेव्हा ती सुमारे ८० वर्षांची होती.

या निकालावरून आपण तीन गोष्टी शिकू.

पहिली : नकाराचे पत्रही फेकू नका. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, मुदत संपण्यापूर्वी देणे लेखी मान्य करून सही केली असेल, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. त्याच पत्रात पैसे देण्यास नकार असला, तरी ती कबुलीच धरली जाऊ शकते. म्हणून पत्रावरची तारीख आणि सही आधी पाहा. साहेबांनी तोंडी दिलेले आश्वासन या कलमात बसत नाही.

दुसरी : कागद मागून घ्या. मोजणी नकाशा, ताबा पावती, फेरफार, कार्यालयांचा आपसांतील पत्रव्यवहार, हे सर्व माहितीच्या अधिकारात मागता येते. "मोबदल्याचा प्रस्ताव प्रलंबित" एवढी एक ओळही मोलाची असते.

तिसरी : मोबदला कमी वाटला तर रक्कम घेताना "निषेध नोंदवून स्वीकारली" असे लिहूनच सही करा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, निषेध न नोंदवता रक्कम घेणाऱ्याला वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. त्या अर्जालाही मुदत आहे, म्हणून निवाडा हाती येताच वकिलाला दाखवावा.

एक सावधगिरीही सांगतो. कबुली म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. ती चुकून दिली गेली, असे दाखवण्याची मुभा सरकारलाही असते. पण मग ते दाखवण्याचा भार सरकारवर येतो, आणि गरिबाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी कचेऱ्यांत, शाळांत, बँकांत आयुष्य घालवले आहे. सरकारी पत्राची भाषा आपल्याला समजते. पाड्यावर जाल तेव्हा तासभर बसून कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीतले कागद वाचून दाखवा. त्यांत काय लिहिले आहे, हे त्या घराला कदाचित प्रथमच कळेल.