‘सी’ भाषेतील हरवलेले दशांश

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भाषेवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण व्याकरण हा आमचाच विषय, आणि ‘सी’ भाषेलाही व्याकरण आहे. डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली.

या भाषेत फंक्शन म्हणजे काम सांगून पाठविलेला गडी. काम उरकून तो एक किंमत परत आणतो. ती कोणत्या प्रकारची, हे फंक्शनच्या नावाआधी लिहावयाचे असते: ‘इंट’ म्हणजे पूर्णांक, ‘डबल’ म्हणजे दशांश असलेली संख्या.

आमच्या घरी म्हशी आहेत, म्हणून उदाहरण दुधाचेच घेतो. तीन दिवसांची फॅट ६.५, ६.९ आणि ७.०. बेरीज २०.४, सरासरी ६.८. ही सरासरी काढणारे फंक्शन ‘इंट’ लिहिले, तर परत येतात फक्त ६. जवळचा पूर्णांक ७, पण तोही मिळत नाही. दशांश सरळ छाटले जातात. उत्तर ‘डबल’ चलात ठेवले तरी ६.० च दिसते, कारण छाटणी ‘रिटर्न’च्या वेळीच झालेली असते. दुधाचा दर फॅटवर ठरतो. तेव्हा हे ०.८ कोणाच्या खिशातून गेले, ते सांगावयास नको.

उलटही घडते: फंक्शन ‘डबल’, पण उत्तर घेणारे चल ‘इंट’. म्हणून फंक्शनची व्याख्या, त्याची आधी केलेली घोषणा आणि उत्तर घेणारे चल, या तिन्ही ठिकाणी एकच प्रकार हवा. इतके करूनही ७ लिटरला २ ने भागले तर ३ च येतात! दोन्ही संख्या पूर्णांक, म्हणून भागाकारही पूर्णांकी होतो. तेथे २.० लिहावे.

काहीजण फंक्शनला हाक मारताना अलीकडे कंसात ‘डबल’ लिहून मोकळे होतात. ही नुसती मलमपट्टी. छाटलेले दशांश त्याने परत येत नाहीत.

जुन्या ‘सी’त तर घोषणा न केलेले फंक्शन ‘इंट’च देते असे गृहीत धरीत, दुसऱ्या फाइलीतील ‘डबल’ फंक्शनचे उत्तर मग भलतेच येई. ही सवलत भाषेच्या १९९९ च्या प्रमाण आवृत्तीतून वगळली गेली. जीसीसी हा कंपायलर मात्र तिला २०२४ च्या १४ व्या आवृत्तीपासून चूक ठरवू लागला. दशांश छाटले गेल्याबद्दल तो अजूनही आपणहून बोलत नाही, ‘वॉल’ हा नेहमीचा पर्याय दिला तरी नाही. ‘डब्ल्यू-कन्व्हर्शन’ हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. मग तो ओळीच्या क्रमांकासह इशारा देतो.