आयटीआयचा फिटर विमानावर सही करू शकतो का?

प्रश्न : मुलगा दहावी झालाय. नागपूरच्या आयटीआयमधला विमानाचा कोर्स करून तो विमान दुरुस्तीत जाईल का?

उत्तर : तो ट्रेड ‘एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर’चा. फ्रान्सच्या दासो कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेला, पण मुख्यतः बांधणीचा : पत्र्याला नेमकं भोक पाडायचं, कडेचा बर (उरलेली खरखरीत धार) काढायचा, रिव्हेट बसवायचा. नागपूरच्याच मिहान प्रकल्पात दासोच्या फाल्कन विमानांचे भाग बनतात, तिथे असेच हात लागतात. दुरुस्तीनंतर विमान उड्डाणाला सोडणारी सही मात्र डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाच्या परवान्याशिवाय होत नाही. त्या परवान्याच्या कोर्सला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. सहीचीच ओढ असेल, तर आधी बारावी सायन्स करू द्या.