जोडबीडची गिधाडे

'गिधाड' हा शब्द आपण मराठीत बहुधा शिवीसारखाच वापरतो. दुसऱ्याच्या मरणावर टपलेला तो गिधाड! एक जटायू तेवढा अपवाद. परंतु राजस्थानातील बिकानेरजवळच्या जोडबीड या संरक्षित क्षेत्राविषयी वाचल्यापासून हा शब्द माझ्या तोंडी सहज येत नाही.

जोडबीड म्हणजे दाट अरण्य नव्हे. थरच्या वाळवंटातील ते खुरट्या झुडपांचे माळरान. बिकानेर शहर व परिसरातील मेलेली गुरे आणि उंट येथे आणून टाकतात. कातडे उतरवणारे आपले काम उरकून गेले, की उरलेले सारे पक्ष्यांचे. हिवाळ्यात मध्य आशियाकडून ग्रिफन गिधाडे, काळी गिधाडे व स्टेप गरुड येथे येतात. पांढरे इजिप्शियन गिधाड तर बाराही महिने दिसते.

एकाच मढ्यावर प्रत्येकाचा वाटा जणू ठरलेला. काळ्या गिधाडाची चोच दणकट. ते चामडी व स्नायू फाडते. ग्रिफन आपली लांब मान थेट आत खुपसून मऊ मांस ओढते. त्या मानेवर नुसती लव असते, म्हणून ती रक्ताने फारशी माखत नाही. इजिप्शियन गिधाड बारीक चोचीने हाडाला चिकटलेले कण वेचते. शिवाय गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र, की सडक्या मांसातील पुष्कळ रोगजंतू तेथेच मरतात.

आमच्या घराण्याकडे गावातील मेलेली ढोरे ओढण्याचे काम होते. आजोबा सांगतात, कातडे सोलून होईपर्यंत गिधाडे बांधावर रांगेने बसून राहत आणि मग बघता बघता सांगाडा स्वच्छ करीत. (काम करून घ्यायचे आणि वर शिवी द्यायची, ही रीत आजोबांच्याही परिचयाची होती.) आज आमच्या शिवारात मढ्यावर कुत्री असतात. गिधाडे गेली कुठे, हे आजोबांना कोणी सांगितले नाही.

उत्तर २००४ मध्ये मिळाले. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचलेले डायक्लोफेनॅक मढ्यातून गिधाडाच्या पोटात जाते, मूत्रपिंडे निकामी होतात व पक्षी थोड्याच दिवसांत मरतो. भारतात १९९२ साली जेथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती, तेथे २००७ पर्यंत एक उरले. वर्षाला एकच अंडे घालणारा पक्षी ही तूट कशी भरून काढणार? जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही निर्बंध आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांचा जनावरांसाठी वापर बंद झाला.

जोडबीडला भटक्या कुत्र्यांचा त्रास आहेच. ती पक्ष्यांना मढ्याजवळ येऊ देत नाहीत. पण कुत्री दिसतात तरी. मेलेल्या गाईला कोणते इंजेक्शन दिले होते, हे गिधाडाला दिसत नाही. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध उपलब्ध आहे. येत्या सुट्टीत आमच्या बाजारगावच्या दुकानात यांपैकी कोणते देतात, ते मी विचारणार आहे. आजोबांनाही सोबत नेईन.