वाळूत पुरलेली गाडी

नांगराचा बैल वेगळा आणि शर्यतीचा बैल वेगळा. हे आम्ही तुम्हांला सांगायला नको. नांगराचा बैल दिवसभर राबतो. शर्यतीचा बैल घटकाभरच पळतो, पण असा पळतो की बघणाऱ्याच्या डोक्यावरची टोपी उडावी.

मोटारींचेही तसेच आहे. रोजची मोटार माणसे नेते, माल नेते. शर्यतीची मोटार यातले काहीच करीत नाही. तिच्यावर छप्पर नसते. तिच्यात एका माणसापुरती जागा असते. तिचे काम एकच, पळणे. म्हणून दुसरी एखादी मोटार तिच्याहून जोरात पळाली, की हिचे मोल संपले. मग ती कुठे तरी छपराखाली पडून राहते. कोंबड्या तिच्यावर बसतात. शेवटी भंगारवाला येतो.

पण जगात काही माणसे अशी आहेत की त्यांना अशी टाकलेली गाडी बघवत नाही. ती गाडी घरी आणतात. वर्षानुवर्षे खपून तिला पुन्हा उभी करतात. अशाच एका माणसाची आणि त्याच्या गाडीची हकिकत आज वाचू. ही गाडी छपराखाली पडली नव्हती, बरं का. ती 42 वर्षे समुद्रकाठच्या वाळूत पुरलेली होती.

इंग्लंडच्या पश्चिमेला लागून वेल्स नावाचा देश आहे. डोंगराळ आहे, पाऊस भरपूर. तेथे समुद्रकाठी पेंडाइन नावाचे लहानसे गाव आहे. गावापुढे सुमारे 11 किलोमीटर लांबीचा वाळूचा किनारा पसरलेला आहे. आमचे कोकणातले वाचक एक गोष्ट जाणतात. सुक्या वाळूत सायकल रुतते, पण ओहोटी लागल्यावर जी ओली वाळू उघडी पडते, तिच्यावर सायकल छान चालते. पेंडाइनची ओली वाळू अशीच सपाट आणि टणक आहे. म्हणून 1924 पासून काही वर्षे मोठमोठे मोटार हाकणारे तेथे येत आणि वेगाचा विक्रम करू पाहत.

आपल्या गाडीचे नाव बॅब्स. बाईमाणसाचे लाडाचे नाव आहे हे. आपण गाईबैलांना नाव देतो, तसेच. ही गाडी पहिल्याने बांधवली ती लुई झ्बोरोव्हस्की या श्रीमंत तरुणाने. (हे नाव एकदा वाचा आणि सोडून द्या. आम्हालाही ते म्हणताना जीभ वळवावी लागते.) त्याने गाडीत मोटारीचे इंजिन बसवलेच नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने विमानांसाठी लिबर्टी नावाचे इंजिन तयार केले होते, ते त्याने बसवले. त्याला 12 सिलिंडर होते. ते 27 लिटरचे होते. तुमच्या गावात 100 सीसीची मोटारसायकल असेल, तर तशा 270 मोटारसायकलींच्या इंजिनांइतके हे एकटे इंजिन! त्याची ताकद सुमारे 450 घोड्यांची.

झ्बोरोव्हस्की 1924 साली इटलीत एका शर्यतीत दुसरीच गाडी हाकताना मरण पावला. इकडे ही गाडी धन्यावाचून राहिली. एवढे अवजड धूड कोण घेणार? जॉन पॅरी-थॉमस नावाच्या वेल्सच्या माणसाने ती 125 पौंडांना विकत घेतली. हा पॅरी-थॉमस हाडाचा मेस्त्री. पूर्वी तो लेलँड कंपनीचा मुख्य इंजिनिअर होता. आपल्याकडे रस्त्यावर अशोक लेलँडच्या गाड्या दिसतात, त्यांच्या नावातले लेलँड ते हेच. त्याने गाडी खोलली, स्वतःच्या आराखड्याचे पिस्टन घातले आणि तिला नव्याने सजवले. म्हणजे पाहा, टाकल्यासारख्या या गाडीला पहिल्यांदा हात देणारा माणूस तोच.

27 एप्रिल 1926 रोजी पॅरी-थॉमसने पेंडाइनच्या वाळूवर बॅब्स पळवली. जमिनीवरच्या वेगाचा विक्रम झाला. दुसऱ्या दिवशी त्याने आपलाच विक्रम मोडला. वेग होता ताशी 171 मैल, म्हणजे सुमारे 275 किलोमीटर. असा विक्रम मोजताना गाडी एकदा जाताना आणि एकदा येताना पळवतात आणि दोन्हींची सरासरी काढतात. का? तर वारा पाठीवर घेऊन कोणीही जोरात पळेल. तोच वारा तोंडावर घेऊन पळून दाखव, मग खरे. हा नियम आम्हाला फार आवडतो.

विक्रम वर्षभरही टिकला नाही. 4 फेब्रुवारी 1927 रोजी माल्कम कॅम्बेल याने त्याच वाळूवर ताशी सुमारे 281 किलोमीटरचा वेग गाठला. पॅरी-थॉमस महिन्याभरात परत आला. 3 मार्च 1927 रोजी भर वेगात असताना बॅब्स उलटली आणि पॅरी-थॉमस जागीच गेला.  जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करू जाताना मेलेला हा पहिला माणूस.

लोकांना फार हळहळ वाटली. त्याला इंग्लंडात चर्चच्या आवारात पुरले. आणि गाडीला? गाडी तेथेच, पेंडाइनच्या वाळूच्या टेकाडांत खड्डा काढून पुरून टाकली. मालकाला मारणारी गाडी पुन्हा कोणी चालवायची नाही, विकायची नाही. जे झाले ते झाकून टाकले.

लोक म्हणू लागले, साखळी तुटून तो मेला. या गाडीचे इंजिन पुढे होते आणि मागच्या चाकांना जोर पोचवायला दोन बाजूंना दोन साखळ्या होत्या. सायकलची चेन असते ना, तशाच, पण जाडजूड. उजवीकडची साखळी तुटली, उसळली आणि तिने चालकाला मारले, अशी ही गोष्ट. ती पुस्तकांत गेली, वर्तमानपत्रांत गेली. एकाचे वाचून दुसऱ्याने लिहिले. गोष्टीत एक दोषही दडलेला होता. गाडी तयार केली कोणी? पॅरी-थॉमसनेच ना? मग त्याचेच काम त्याच्या गळ्याशी आले, असे ज्याने त्याने मनात म्हणावे. मेलेला माणूस काय बोलणार!

वर्षे गेली. दुसरे महायुद्ध आले आणि पेंडाइनचा तो भाग लष्कराकडे गेला. वाळूवर वाळू चढली.

1969 साली ओवेन विन ओवेन नावाचा गृहस्थ पुढे आला. वेल्समधल्याच बँगर गावच्या तंत्रशाळेत तो इंजिनिअरिंग शिकवीत असे. जुन्या गाड्यांचा त्याला नाद. त्याने ठरवले, बॅब्स बाहेर काढायची.

येथे आपण थोडे थांबू. पुरलेली वस्तू उकरून काढावी का? प्रश्न साधा नाही. ज्या गाडीखाली माणूस गेला, ती त्याच्या आठवणीने झाकून ठेवलेली. तिला उकरणे म्हणजे थडगे उकरण्यासारखे नाही का? असे कोणी म्हटले तर त्याला हसू नये. आमच्या मते अशा वेळी आधी चार दारे ठोठवावीत. जमीन कोणाची, वस्तू कोणाची, गेलेला माणूस कोणाचा, आणि गावाचे म्हणणे काय. हौस ही परवानगी नव्हे. ओवेनने रीतसर परवानगी मागितली. जमीन लष्कराची, तेव्हा लष्कराचा होकार लागला. तो मिळाल्यावरच खणायला सुरुवात झाली.

आमचे स्वतःचे मत विचाराल, तर काढली हे बरे झाले. पॅरी-थॉमस त्या वाळूत नव्हताच. तेथे होते ते त्याच्या हातचे काम. आणि ते दर पावसाळ्याला थोडे थोडे मरत होते.

कसे, ते सांगतो. लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाले की गंज चढतो. त्यात मीठ आले की गंज दुप्पट घाईने खातो. विळा कोरड्या घरात टांगला तर वर्षे टिकतो. तोच ओला करून मिठाच्या पोत्यावर ठेवा आणि काय होते ते बघा! समुद्राच्या वाळूत ओल आहे, मीठ आहे. त्यामुळे पातळ पत्रा आधी जातो. जाड लोखंडाचे कातडे जाते, पण आत गाभा राहतो. अ‍ॅल्युमिनियमलाही खारी हवा सोसत नाही. त्याची पांढरी भुकटी होते. जेथे तेल किंवा ग्रीस राहिले असेल, तेथला भाग मात्र बऱ्याच वर्षांनीही चकचकीत निघू शकतो. तेल ओलीला शिवू देत नाही.

बॅब्स बाहेर आली तेव्हा ती गाडी कसली, गंजाचा ढिगारा होता. बघणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांनी म्हटले असते, याचे आता काय होणार! ओवेनने ती आपल्या घरी, केपेल क्युरिग या डोंगरातल्या गावी नेली आणि कामाला लागला.

अशा कामाची रीत कशी असते, ते आता पाहू. तुमच्या विहिरीवरचे जुने इंजिन उघडायचे असेल, तरी हीच रीत उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे हातोडा लांब ठेवायचा. नवशिक्याचा हात आधी हातोड्याकडे जातो. गंजलेला बोल्ट ठोकला की त्याचे डोके तुटते, शेंडी आतच राहते आणि एका तासाचे काम आठवड्याचे होते. रॉकेल किंवा पातळ तेल सोडावे आणि वाट पाहावी. एक दिवस, चार दिवस, कधी महिना. मग थोडी आच देऊन पाना लावावा. हलला तर ठीक. नाही हलला तर पुन्हा तेल, पुन्हा वाट.

दुसरी गोष्ट महत्त्वाची, आणि येथे तुमचे अक्षर कामाला येते. काढलेला प्रत्येक भाग डब्यात ठेवायचा आणि डब्यावर चिठ्ठी लावायची. कुठला भाग, कोणत्या बाजूचा, खालून कितवा, कोणत्या तारखेला काढला. आमच्या बाजारात एक घड्याळवाला होता. तो चहाच्या बश्यांत चिठ्ठ्या घालून चाके ठेवी. मुले हसत. पण त्याच्याकडचे घड्याळ परत जाताना एक चाक उरले, असे कधी झाले नाही. गाडीत तर हजारो भाग. आज आठवते, ते तीन वर्षांनी आठवत नाही. बॅब्सला तर सोळा वर्षे लागायची होती.

भाग काढण्याआधी तो जसा आहे तसा पाहून त्याचे छायाचित्र घ्यावे, नाही तर चित्र तरी काढावे. घासूनपुसून लख्ख करण्याची घाई करू नये. कारण गंजावर, वाकावर, मोडलेल्या कडेवर पुष्कळ काही लिहिलेले असते. लोखंड ओढून तुटले तर त्याची कड वेगळी दिसते. आपटून तुटले तर वेगळी. आपण आधीच कानशीने घासून टाकले, तर जणू दस्तऐवजच पुसला.

बॅब्सच्या बाबतीत याचा मोठाच उपयोग झाला. गाडीचे भाग जाणकारांनी पाहिले, तेव्हा इतकी वर्षे सांगितली गेलेली साखळीची गोष्ट डळमळली. उजवीकडचे मागचे चाक आधी मोडले असावे आणि बाकीचे त्यामागून झाले असावे, असे मत पुढे आले. कोर्टात निकाल लागावा तसा हा शेवटचा निकाल नव्हे. पण 42 वर्षे एकच बाजू ऐकली जात होती. दुसरी बाजू वाळूत पडून होती. ती वर आली.

मग जोडणी. पातळ पत्र्याचे अंग गंजाने खाल्ले होते. ते नव्याने घडवावे लागले. जुनी छायाचित्रे समोर ठेवून तसाच आकार, तसाच बाक काढावा लागतो. जे जुने भाग वापरता येतात ते वापरायचे. जे अगदीच गेले त्यांच्या जागी दुसरे मिळवायचे किंवा घडवायचे. येथे काही लोक वाद घालतात. एवढे नवे घातले, मग ही जुनी गाडी कशी? आम्हाला हा वाद पुरा पटत नाही. वाड्याची कौले बदलली, दोन वासे बदलले, तरी वाडा आजोबांचाच राहतो. मात्र सगळाच वाडा पाडून सिमेंटचा बांधला आणि दारावर आजोबांची पाटी लावली, तर ती लबाडी. या दोहोंमध्ये रेघ कुठे ओढायची, ते काम करणाऱ्याने मनाशी ठरवावे. नवा घातलेला भाग कोणता, ते लिहूनही ठेवावे. पुढच्याला फसवू नये.

खर्चाचेही बोलू. अशी गाडी घेणाऱ्याला वाटते, स्वस्तात मिळाली. घेण्याची किंमत ही विसारासारखी असते. खरा पैसा पुढे जातो, आणि पैशाहून जास्त वेळ जातो. घरातली माणसे रोज विचारतात, झाली का? शेजारी विचारतात, हिचा उपयोग काय? पहिल्या वर्षी उत्साह असतो. पाचव्या वर्षी डब्यांवर धूळ बसते. पुष्कळांच्या गाड्या येथेच अडकतात आणि अर्धवट उघडलेल्या तशाच दुसऱ्याला विकल्या जातात. उघडून टाकलेली गाडी न उघडलेल्या गाडीपेक्षा वाईट. म्हणून ज्याच्याकडे जागा, सवड आणि घरच्यांचा होकार नाही, त्याने या फंदात पडू नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

ओवेन अडकला नाही. तरुण मास्तरांचे केस पांढरे व्हावेत इतकी वर्षे त्याने हे काम केले. शेवटी बॅब्स आपल्या निळ्या-पांढऱ्या रंगात उभी राहिली आणि तिचे ते बारा सिलिंडरांचे इंजिन पुन्हा सुरू झाले. ओवेन 2012 साली वारला.

पेंडाइनला 2023 साली वेगाच्या विक्रमांचे नवे संग्रहालय उघडले. वर्षातला काही काळ बॅब्स तेथे असते. जेथे ती पुरली होती ती टेकाडे तेथून जवळच आहेत. ओहोटीच्या वेळी संग्रहालयाच्या पुढे तीच ओली, सपाट वाळू उघडी पडते.