विल्यम मार्शल व त्याचें घराणें

इ. स. ११५२ सालीं इंग्लंडचा राजा स्टीफन यानें न्यूबरीच्या किल्ल्यास वेढा घातला. किल्ल्याचा धनी जॉन मार्शल हा नॉर्मन वंशाचा सरदार असून राजाची प्रतिस्पर्धी मटिल्डा हिच्या पक्षाचा होता. त्यानें तहाची मुदत मागितली, तीबद्दल आपला पांचसहा वर्षांचा मुलगा विल्यम ओलीस दिला, आणि मुदतींत किल्ल्यावर दाणागोटा व शिबंदी भरून घेतली! मुलास फांशीं देऊं असा धाक राजानें घातला, तेव्हां याहून चांगले मुलगे घडविण्याचीं साधनें आपणांपाशीं शाबूत आहेत, असा निरोप बापानें धाडल्याचें सांगतात. दया आली ती शत्रूस! राजा तंबूंत त्या पोरासवें रानफुलांच्या देठांनीं लढाईचा खेळ खेळत बसला, असें विल्यमच्या फ्रेंच चरित्रकाव्यांत वर्णन आहे.

चौथा मुलगा असल्यामुळें विल्यमला वतनाची आशा नव्हती. नॉर्मंडींतील एका सरदाराच्या पदरीं राहून तो युद्धकला शिकला. त्या काळीं सरदारांच्या जंगी शस्त्रस्पर्धा होत व हरलेल्याचा घोडा आणि चिलखत जिंकणारास मिळे. त्यांवरच त्यानें नांव व पैसा कमावला. ११८९ मध्यें त्याचें इझाबेल डी क्लेअर हिच्याशीं लग्न झालें. तिचा बाप ‘स्ट्राँगबो’ या नांवानें प्रसिद्ध असलेला सरदार, व आई आयर्लंडांतील लेन्स्टरच्या राजाची कन्या. या विवाहानें विल्यमला वेल्स व आयर्लंड येथील विस्तीर्ण जहागिरी मिळाल्या.

पुढें राजा जॉन यानें संशयावरून विल्यमचे दोन थोरले मुलगे ओलीस मागितले, आणि जो स्वतः लहानपणीं फांसाच्या दारांतून परतला होता त्यानें ते दिले! राजनिष्ठेची ही किंमत आम्हांस जबर वाटते. मात्र या बापानें दिलेला शब्द मोडला नाहीं, व मुलगे सुखरूप परत आले. १२१६ मध्यें जॉन वारला, तेव्हां नऊ वर्षांच्या हेन्रीचा राज्यपालक म्हणून सत्तरीच्या घरांतील विल्यमचीच निवड झाली. त्यानें मॅग्ना कार्टा ही सनद पुन्हां जाहीर केली, व १२१७ मध्यें लिंकनच्या लढाईंत स्वतः घोड्यावर बसून फ्रेंच पक्षाचा मोड केला. १४ मे १२१९ रोजीं तो निवर्तला. लंडनच्या टेंपल चर्चमधील त्याची दगडी मूर्ति १९४१ च्या बाँबवर्षावांत होरपळली, तरी आजहि पाहावयास मिळते.

त्यास पांच मुलगे व पांच मुली होत्या. पांचहि मुलगे एकामागून एक पेंब्रोकचे अर्ल झाले. औरस संतति मात्र एकासहि नव्हती. शेवटचे दोघे १२४५ च्या अखेरीस महिन्याभराच्या अंतरानें वारले. विल्यमनें आयर्लंडांतील फर्न्सच्या बिशपाची जमीन दाबली होती, त्याचाच हा शाप, असें लोक म्हणत. जहागिरी पांच बहिणींच्या शाखांत वांटली गेली. त्यांपैकीं आईचेंच नांव असलेल्या इझाबेलचा पणतू रॉबर्ट ब्रूस हा १३०६ मध्यें स्कॉटलंडचा राजा झाला.